नोंदणीच्या टेबलामागे उभे राहावे, की सभागृहात बसावे?

प्रश्न : मी संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. जवळच्या शहरात होणाऱ्या वर्डकॅम्पसाठी, म्हणजे वर्डप्रेस हे संकेतस्थळे बनवण्याचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या संमेलनासाठी, माझी स्वयंसेवक म्हणून निवड झाली असून मला नोंदणीचे काम दिले आहे. दिवसभर टेबलामागे उभी राहिले तर भाषणे ऐकायची राहतील, अशी धास्ती वाटते. त्यापेक्षा तिकीट काढून नुसते ऐकायला जावे का?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : आपण स्वयंसेवक म्हणूनच जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. 2006 साली सॅन फ्रान्सिस्कोत पहिला वर्डकॅम्प झाला, तेव्हापासून वर्डप्रेस वापरणाऱ्यांनी आपापल्या गावी एकत्र येऊन हे संमेलन भरवायचे, अशी त्याची रीत आहे. आयोजक मानधन घेत नाहीत, वक्त्यांनाही ते मिळत नाही, आणि खर्चाचा मोठा भार प्रायोजक उचलतात म्हणूनच तिकीट विद्यार्थ्याला परवडेल इतके स्वस्त ठेवता येते. अशा ठिकाणी स्वयंसेवक हा बाहेरून बोलावलेला मदतनीस नसतो. ते संमेलन त्याचेही असते.

भाषणे बुडण्याची भीती बरीचशी अनाठायी आहे. नोंदणीची खरी झुंबड दारे उघडल्यापासून पहिले भाषण सुरू होईपर्यंतच असते, त्यानंतर एकदोन जण टेबल सांभाळू शकतात. तरीही कार्यक्रमपत्रिका हाती येताच, जी दोन भाषणे आपल्याला चुकवायचीच नाहीत ती स्वयंसेवकांच्या समन्वयकाला आधी कळवून ठेवा. ऐन वेळी सांगितले तर पाळी बदलणे त्यांना जड जाते. उरलेल्या भाषणांची चित्रफीत पुढे वर्डप्रेस डॉट टीव्हीवर पाहता येते. वक्त्याशी जेवणाच्या रांगेत झालेले बोलणे मात्र कुठेही पाहायला मिळत नाही.

नोंदणीच्या कामातली एक गोष्ट अनुभवाने सांगते. मी पहिल्यांदा या टेबलावर बसले तेव्हा आम्ही रोमन वर्णमालेचे सरळ चार सारखे भाग पाडून चार रांगा केल्या होत्या. आपल्याकडे ‘ए’ आणि ‘एस’ या अक्षरांनी सुरू होणारी नावे इतकी असतात, की अमित, अनघा, संदीप, स्नेहल यांच्या दोन रांगा जिन्यापर्यंत गेल्या आणि शेवटच्या रांगेचा स्वयंसेवक रिकामा बसून होता. रांगा अक्षरांच्या संख्येवर नव्हे, तर यादीतल्या नावांच्या संख्येवर पाडायच्या, हे त्या सकाळी कळले. आदल्या संध्याकाळी ओळखपत्रे त्याच क्रमाने खोक्यांत लावून ठेवावीत, दोरी आधीच ओवून ठेवावी, आणि ज्यांचे नाव यादीत सापडत नाही त्यांच्यासाठी बाजूला वेगळे टेबल ठेवावे. नाहीतर एका हरवलेल्या नावापायी मागची सगळी माणसे खोळंबतात.

सभागृहातले काम मिळाले तर तेही आनंदाने घ्या. वक्त्यासमोर पहिल्या रांगेत बसून दहा, पाच आणि एक मिनिट उरल्याच्या पाट्या दाखवायच्या, प्रश्न विचारणाऱ्यापर्यंत माइक न्यायचा, वक्त्याचा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडण्यासाठी लागणारा अडॅप्टर मध्यंतरातच तपासून घ्यायचा, असे ते काम असते. हे करणाऱ्याला भाषण तर ऐकायला मिळतेच, शिवाय चाळीस मिनिटांचा विषय वक्ता कसा आवरतो, हे जवळून दिसते.

आपल्या संमेलनाला जोडून योगदान दिवस असेल, तर तो अजिबात सोडू नका. त्या दिवशी भाषणे नसतात. लोक गटागटाने टेबलांभोवती बसून प्रत्यक्ष वर्डप्रेसचे काम करतात. आपल्यासारख्या नवख्या मुलीने मराठी भाषांतराच्या टेबलावर बसावे असे मी आवर्जून सुचवेन. खाते उघडले की कोणालाही वर्डप्रेसमधल्या एकेका वाक्याचे भाषांतर सुचवता येते आणि अधिकार असलेले संपादक ते तपासून स्वीकारतात. ‘डॅशबोर्ड’ तसाच ठेवावा की त्याला मराठी शब्द द्यावा, यावर तिथे अर्धा तास वाद रंगू शकतो, आणि तो अर्धा तास मला कोणत्याही भाषणाइतकाच मोलाचा वाटतो. कारण तिथे ठरलेला शब्द उद्या एखाद्या शिक्षकाच्या किंवा दुकानदाराच्या पडद्यावर उमटणार असतो.

प्रश्न : मी दहा वर्षे संकेतस्थळे तयार करतो. सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण इंग्रजीत बोलण्याचा सराव नाही. वर्डकॅम्पमध्ये मराठीत भाषण देण्याचा प्रस्ताव पाठवला तर चालेल का?
– एक व्यावसायिक, कोल्हापूर

उत्तर : अवश्य पाठवावा. टोकियोच्या वर्डकॅम्पमध्ये जपानीत आणि माद्रिदच्या वर्डकॅम्पमध्ये स्पॅनिशमध्ये भाषणे होतात, त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. आशियाई पातळीच्या संमेलनाची गोष्ट वेगळी; बँकॉक, तैपेई आणि मनिलानंतर 2026 साठी मुंबईची निवड झाली, तरी तिथे अनेक देशांचे लोक येत असल्याने इंग्रजीला पर्याय नसतो. शहराच्या वर्डकॅम्पला मात्र बहुतांश माणसे आसपासचीच येतात. आपण प्रस्तावातच भाषा स्पष्ट लिहा आणि आयोजकांना ती कार्यक्रमपत्रिकेतही छापायला सांगा, म्हणजे मराठी न समजणारा श्रोता चुकून येऊन बसणार नाही. पडद्यावरचा कोड रोमन लिपीतच राहील आणि ‘प्लगइन’, ‘थीम’, ‘होस्टिंग’ हे शब्दही तसेच येतील. त्यांना ओढूनताणून मराठी प्रतिशब्द देत बसू नये.

विषय मात्र नेमका निवडा. ‘संकेतस्थळाची सुरक्षा’ असे मोघम शीर्षक निवड समितीकडे ढिगाने येते. त्याऐवजी एखाद्या ग्राहकाचे संकेतस्थळ बंद पडले असता आपण दोष कसा शोधला आणि ते पुन्हा कसे उभे केले, हे ग्राहकाचे नाव न घेता क्रमाने मांडले, तर समितीला काय मिळणार ते कळते आणि आपल्यालाही बोलताना अडखळायला होत नाही.