कोपऱ्यात सैतान लपू नये म्हणून गोठा गोल बांधला, हे खरं आहे का?

ही गोष्ट ज्या गोल दगडी गोठ्याबद्दल सांगतात, तो अमेरिकेतल्या हॅनकॉकच्या शेकर वस्तीतला. शेकर म्हणजे एक ख्रिस्ती पंथ. मी बोस्टनजवळ राहतो, दोनदा जाऊन आलोय. सैतानाची गोष्ट तिथे सगळेच सांगतात, पण हसत हसत. खरं कारण वैरण.

शेकर पंथीयांनी तो 1826 साली मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम टोकाला, पिट्सफील्डजवळ बांधला. ही मंडळी ब्रह्मचारी, मालमत्ता सगळ्यांची मिळून एक, आणि हातचं काम कमी कसं होईल यात डोकं फार चालायचं. गोठा उताराला टेकवलाय, त्यामुळे गाडी चढावरून थेट वरच्या मजल्यात शिरते. भिंतीच्या कडेकडेने फिरत फिरत गवत मधल्या मोकळ्या जागेत ढकलायचं आणि आलो त्याच दाराने बाहेर पडायचं. गाडी मागे घ्यायची भानगडच नाही! भरल्या गाडीचे बैल मागे रेटताना कुणाला पाहिलं असेल, तर यातलं सुख तुम्हाला कळेल.

खाली 52 गाईंची सोय, सगळ्यांची तोंडं मध्याकडे. म्हणजे गव्हाण वर्तुळात आणि गवताची गंजी तिच्या पोटात. आमचे आजोबा पेंढ्या काखोटीला मारून दावणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालायचे. इथे मधे उभं राहून चौफेर चारा टाकता येतो. गंजीच्या मधोमध लाकडी पट्ट्यांचं उभं धुराडं आहे, ओलसर गवताची वाफ त्यातून वर जाते. ओल्या गंजीत हात घातला की चटका बसतो, तीच वाफ. कोंडली तर पेट घेते.

1864 साली गोठा आगीत सापडला. लाकूडकाम गेलं, दगडी भिंती उभ्या राहिल्या आणि त्यांच्याच आत पुन्हा बांधणी झाली. वरचा खिडक्यांचा मजला नंतरचा. 1968 मध्ये सगळ्याची डागडुजी झाली.

असा गोल गोठा बांधायचा विचार असेल तर एक अडचण सांगतो. लांबट गोठ्याला गुरं वाढली की पुढे दोन खण जोडता येतात. गोलाला जोडणार कुठे?