कांजीहाऊसात कांजी कुठं असते?

मौद्याकडच्या एका भाऊंचा प्रश्न आहे : ‘आमच्या ग्रामपंचायतीनं भिंतीवर ‘कोंडवाडा’ असं रंगवलंय, पण बोलताना झाडून सारे ‘कांजीहाऊस’च म्हणतात. आमचे एक मास्तर सांगतात की मूळ शब्द ‘काजीहाऊस’, तिथं काजी ढोरांचा न्याय करायचा. सासरे म्हणतात ‘कांजीहौद’. यातलं खरं कोणतं?’

मास्तरांची गोष्ट ऐकायला गोड आहे, पण काजीला यातून सोडून द्या. शब्दात कांजीच आहे, ती खायची-प्यायची. तमिळ मुलखात कांजी म्हणजे तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून केलेली पातळ पेज. संस्कृतात ‘कांजिक’ आहे, तो आंबवलेल्या पेजेसाठी वैद्यकात येतो. आपल्या घरात मात्र कांजी उरली ती सुती लुगड्याला, सदऱ्याला द्यायच्या खळीपुरती. धानपट्ट्यातला, दोन्ही वेळ भात खाणारा माणूसही पिण्याच्या त्या पाण्याला पेजच म्हणतो. म्हणून ‘कांजीहाऊस’मधली कांजी आपल्याला ओळखू येत नाही, आणि कान आपोआप काजीकडं जातो.

इंग्रजांच्या पलटणीत दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्या शिपायाला नशा उतरेपर्यंत कोंडायची खोली असे. आत गेलेल्याला खायला कांजी, म्हणून ते कांजीहाऊस. हॉब्सन-जॉब्सन हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश 1886 साली निघाला, त्यात या शब्दाचा अर्थ दिलाय तो पलटणीतली कोठडी एवढाच. 1903 साली क्रुकनं त्याची वाढवलेली आवृत्ती काढली, तेव्हा कंसात भर घातली की उत्तर हिंदुस्थानात हा शब्द सर्रास ढोरांच्या कोंडवाड्याला लावतात. निदान तोवर तरी शिपायाची जागा बैलानं घेतली होती. दोघांचा गुन्हा तसा एकाच जातीचा. मोकळं सुटायचं आणि नको तिथं शिरायचं.

इथं आपल्या नागपूरकरांना एक मोह होतो, मलाही झाला होता. कामठीची छावणी 1821 ची, आणि तिथं बराच काळ मद्रासी फौजेच्या पलटणी असत. म्हणजे कांजी पिणारे शिपाई कामठीत, त्यांची कोठडी कामठीत, आणि तिथून शब्द आजूबाजूच्या खेड्यांत आला असणार! चित्र झकास जमतं. पण हाच शब्द उत्तर प्रदेशापासून छत्तीसगडापर्यंत सगळ्या हिंदी मुलखात ढोरांसाठीच चालतो. तिथं काही कामठीहून कोणी नेऊन दिला नसेल. आपल्याकडं नागपूर-भंडाऱ्यात तो रुजला याचं सोपं कारण जुना मध्यप्रांत. हिंदी-मराठीचं एकच सरकार, एकच कचेरी, तिथले शब्दही एकच. पुण्या-साताऱ्याकडं मुंबई इलाखा, तिथं ‘कोंडवाडा’ सोडून दुसरं काही ऐकू येत नाही.

शब्दाला घरोघर पोचवलं मात्र कायद्यानं. 1871 चा कायदा असा : ढोर दुसऱ्याच्या वावरात शिरून पीक खात असेल तर धरून कोंडायचं. धन्यानं दंड आणि चाऱ्यापाण्याचा खर्च भरून सोडवून न्यायचं. दंडाच्या दरपत्रकात हत्तीचाही दर होता. कोणी न्यायलाच आलं नाही तर आधी गावात आणि बाजारात डोंडी पिटायची, मग लिलाव. आणि धरून नेत असलेलं ढोर कोणी जबरीनं सोडवलं तर 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा 500 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 1871 चे 500 रुपये म्हणतोय मी.

गावात कायद्याआधी रीत असते. आमच्याकडं ढोर पहिल्यांदा वावरात शिरलं की धुऱ्यावरून नुसती हाक. दुसऱ्यांदा, घरी जाऊन बाईमाणसाजवळ सांगणं, ‘वहिनी, तुमच्या गोऱ्ह्याच्या गळ्यात लोढणं बांधा.’ तिसऱ्यांदा कोणी काही बोलत नसे. सांजच्याला ढोरं आखरावरून परतली, त्यात आपलं नाही म्हटलं की समजायचं. मी आठ-नऊ वर्षांचा असताना आमचा एक बैल असाच शेजाऱ्यानं नेऊन टाकला. बाबा सकाळी पैसे भरायला गेले, पण आईनं रातच्यालाच मला कडबा देऊन पाठवलं होतं. फाटकाच्या फटीतून एकेक धांडा सरकवत होतो. आत पाण्याचा हौद होता, कोरडा. त्या शेजाऱ्याच्या घरचं पोळ्याचं आमंत्रण पुढं दोन वर्षं बंद होतं. आजी मात्र शाळा सुटून पोरं गल्लीत घुसली की म्हणायची, ‘सुटले वो माय कांजीहाऊसातून!’

आता सासऱ्यांचा ‘हौद’. जिथं जनावर कोंडतात तिथं पाणी पाजायला हौद असायचाच. ‘हाऊस’चं बोलताना ‘हौस’ होतं, आणि हौसेचा अर्थ तिथं काही लागत नाही, तो हौदाचा लागतो. परका शब्द तोंडात बसवताना लोक असा ओळखीचा तुकडा जोडून देतातच. हिंदीतही ‘कांजी हौद’ खूप चालतं. तेव्हा व्युत्पत्तीनं ‘हाऊस’ बरोबर, पण सासऱ्यांना चूक म्हणायला मी धजणार नाही. भिंतीवर ‘कोंडवाडा’ आहे तो राहू द्या, आपल्याच भाषेचा रोखठोक शब्द आहे.

नागपुरात उत्तरेकडं एक कांजी हाऊस चौक आहे. मागं तिकडून ऑटोनं जाताना सोबतच्या पोरीनं पाटी वाचून विचारलं, ‘काका, इथं कांजीवरम साड्यांचं दुकान होतं का हो?’

माझ्या डोळ्यांपुढं तो कोरडा हौद. मी म्हटलं, नाही वो बाई, बैल कोंडायचे.