ऑस्टिन, डॅलस, रॅले की फिनिक्स? वाढीच्या आकड्यापलीकडचा हिशोब

तुमचा प्रश्न असा: एच-वन-बी मंजूर आहे, पगार वर्षाला सव्वा लाख डॉलर, पत्नी एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर, मुलगी सहा वर्षांची. कंपनीने ऑस्टिन, डॅलस, रॅले आणि फिनिक्स यांतलं एक शहर निवडायला सांगितलंय, तर सगळ्यात वेगाने वाढणारं कुठलं?

नुसत्या वाढीचं विचाराल तर ऑस्टिन. २०१० ते २०२० या दहा वर्षांत ऑस्टिन महानगर ३३ टक्क्यांनी वाढलं, रॅले-कॅरी २५, डॅलस-फोर्टवर्थ २०, फिनिक्स साधारण १६ टक्क्यांनी. पण टक्केवारी लहान शहराच्या बाजूने झुकते. डॅलसच्या त्या २० टक्क्यांत बारा लाखांहून जास्त माणसं आहेत.

तुम्ही मात्र ६० हा आकडा धरून चाला. एच-वन-बीवर नोकरी गेली तर दुसऱ्या कंपनीने तुमचा अर्ज दाखल करायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. पत्नीला तुमच्या ग्रीन कार्डच्या प्रक्रियेत आय-१४० (कंपनीने तुमच्यासाठी भरलेला अर्ज) मंजूर होईपर्यंत काम करता येत नाही, म्हणजे घर एका पगारावर. म्हणून शहरात एका धंद्याला मंदी आली तर दुसरा भरती करतोय का, हे आधी बघा. ऑस्टिनला डेल, ॲपल, टेस्ला, सॅमसंग; यातलं बरंचसं एकाच टेक-चक्रावर फिरतं. फिनिक्सला इंटेल आणि टीएसएमसी. तुम्ही चिप-कारखान्यातले प्रोसेस इंजिनिअर असाल तर डोळे मिटून तिथे जा. डॅलस परिसरात बँका, टोयोटा, एटी अँड टी, अमेरिकन एअरलाइन्स, टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स असे एकमेकांशी संबंध नसलेले धंदे आहेत. रॅलेला १९५९पासूनचं रिसर्च ट्रँगल पार्क, औषधकंपन्या आणि तीन मोठी विद्यापीठं. पसारा लहान, पण पाया पक्का. सॉफ्टवेअरवाल्याने माझ्या मते आधी डॅलस, मग रॅले धरावं.

आता कर. ऑस्टिन आणि डॅलस ज्या टेक्ससमध्ये आहेत, तिथे राज्याचा आयकर नाही. तुमच्या पगारावर रॅलेच्या नॉर्थ कॅरोलायनात २०२६च्या ३.९९ टक्के दराने साधारण ४,००० डॉलर जातील, फिनिक्सच्या ॲरिझोनात २.५ टक्क्यांनी अडीच हजारांच्या आत. भाड्याने राहताना ही बचत बरीचशी खिशात राहते. घर घेतलंत की चित्र पालटतं. पाच लाखांच्या घराला डॅलसच्या उत्तर उपनगरांत होमस्टेड सवलत (स्वतः राहत असलेल्या घराला मिळणारी करसवलत) धरूनही ७,००० डॉलरच्या आसपास मालमत्ता कर बसतो, रॅलेला साडेचार हजारांच्या आत. नवीन वसाहत ‘मड’ म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्टमध्ये असेल तर टेक्ससचा दर अडीच-तीन टक्क्यांपर्यंत जातो आणि आयकराची सगळी बचत पुसली जाते.

नव्या घराच्या बाबतीत अनेकजण इथेच फसतात: पहिल्या वर्षी कर फक्त रिकाम्या जमिनीवर लागलेला असतो, बँक कर धरून बसवलेला कर्जाचा हप्ता त्यावरून ठरवते, आणि दुसऱ्या वर्षी पूर्ण घराचा कर येतो. मागची तूट आणि पुढचा वाढीव कर मिळून हप्ता महिना सात-आठशे डॉलरने उडू शकतो. बिल्डरच्या आकड्यावर विसंबू नका. एकूण कराचा दर विचारा आणि तयार घराच्या किमतीने गुणा. होमस्टेड सवलतही आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो. टेक्ससमध्ये गारपिटीसाठी विम्याची वेगळी वजावट (नुकसानीतला तुम्ही स्वतः भरायचा भाग) असते, बहुधा घराच्या विमा-रकमेच्या एक ते दोन टक्के. म्हणजे चार लाखांच्या विम्यावर छप्पर बदलताना पहिले चार ते आठ हजार तुमचे.

शाळेचं बघायचं तर ती पत्त्यावर ठरते. रॅलेच्या वेक काउंटीत भरलेल्या शाळांवर प्रवेशाची मर्यादा लागते, मग समोरची शाळा सोडून दूरची मिळते. सही करण्याआधी तो पत्ता काउंटीच्या शाळाविभागाच्या संकेतस्थळावर टाकून बघा. काही शाळा वर्षभर चालतात, ४५ दिवस शाळा आणि १५ दिवस सुट्टी. उन्हाळ्यात पुण्याला दोन महिने राहायचा बेत असेल तर तो बसत नाही.

फिनिक्सचा उन्हाळा सहन होईल या भरवशावर जाऊ नका. २०२३मध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांवर होता. मराठी मंडळी डॅलस आणि रॅले दोन्हीकडे भरपूर आहेत. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं २०१९चं अधिवेशन डॅलसलाच झालं. डॅलसहून मुंबईला दुबई किंवा दोहामार्गे एका थांब्यात पोचता येतं, हे आई-वडील येणार असतील तर फार मोलाचं.

पहिलं वर्ष भाड्यानेच राहा. उत्पन्न भाड्याच्या तिप्पट असल्याचं दाखवणारं पगाराचं पत्र निघण्याआधीच कंपनीकडून घ्या, कारण तुमचा क्रेडिट इतिहास शून्य असेल. ‘दोन महिने फुकट’ अशी जाहिरात असेल तर करारातलं मूळ भाडं बघा, पुढच्या वर्षीची वाढ त्यावरच लागते. करार मोडण्याचं कलमही वाचा: ६० दिवसांची सूचना आणि दोन महिन्यांचं भाडं अशी अट सर्रास असते.