उन्हाळी शिबिरात कोणते खेळ आणि उपक्रम घेतले तर ऑटिझम असलेली मुलं इतर मुलांत मिसळायला शिकतात?

तुम्ही लिहिलंय की मुलगा ७ वर्षांचा आहे, वाक्यं बोलतो, पण बागेत गेला की घसरगुंडीखाली एकटाच वाळू ओतत बसतो. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "सुट्टीत एखाद्या शिबिरात घाला, चार मुलांत मिसळेल." तेव्हा शिबिरात नेमकं काय करून घ्यायला हवं, आणि धाकट्या बहिणीलाही बरोबर पाठवावं का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

मी थेरपिस्ट नाही, बँकेत नोकरी करते. माझा मुलगा आता १४ वर्षांचा आहे. नाशिकला आम्ही पाच-सहा पालक मिळून गेली ६ वर्षं मे महिन्यात दहा दिवसांचं छोटं शिबिर घेतो. सकाळी साडेआठ ते अकरा, त्यानंतर ऊन सोसत नाही. मुलं जास्तीत जास्त आठ, आणि दोन मुलांमागे एक मोठं माणूस. हे सगळं सुरू झालं ते एका फजितीतून. मुलगा ७ वर्षांचा असताना मी त्याला चारचौघांसारख्या एका शिबिरात घातलं होतं. चाळीस मुलं, एक हॉल, दोन मोठे स्पीकर आणि "चला, सगळ्यांनी मिळून नाचू या!" तो टेबलाखाली जाऊन बसला, एका दादानं त्याला हात धरून बाहेर ओढलं, त्यानं दादाला चावा घेतला. तिसऱ्या दिवशी फोन आला, उद्यापासून पाठवू नका. तेव्हा मी त्यांच्यावर चिडले होते. पण फॉर्मवर ऑटिझम हा शब्द मी लिहिलाच नव्हता. लिहिला तर घेणार नाहीत, ही भीती. तुम्ही लिहा. नाहीच घेतलं तर तीन दिवसांनी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

चार मुलांत सोडलं की मूल आपोआप मिसळतं, हे आमच्या मुलांच्या बाबतीत खरं नाही. गर्दीत ठेवलं तर ती गर्दी सोसायला शिकतात, फार तर. मिसळायला कारण लागतं. दुसऱ्या मुलावाचून आपलं अडतंय, हे कळलं तरच ते त्याच्याकडे वळतं. आमच्याकडचे जे खेळ चालले ते सगळे या एका कसोटीवर उतरलेले, आणि जे फसले ते बहुतेक इथेच फसले.

सगळ्यात जुना आणि अजून टिकलेला उपक्रम म्हणजे भेळ. सहा मुलं, सहा डबे. एकाकडे चुरमुरे, एकाकडे फरसाण, एकाकडे बारीक चिरलेली कैरी, कुणाकडे कांदा, कुणाकडे चिंचेची चटणी, कुणाकडे शेव. प्रत्येकापुढे रिकामा वाडगा. दुसऱ्याच्या डब्याला हात लावायचा नाही, मागायचं. बोलून मागा, बोट दाखवून मागा, चित्राचं कार्ड पुढे करा, काहीही चालेल, पण ज्याच्याकडे ती वस्तू आहे त्याच्याकडेच मागायचं. मोठ्यांकडे मागितलं तर मोठी माणसं बहिरी होतात. आमची मुलं मोठ्यांशी व्यवहार करण्यात पटाईत असतात, कारण आई न बोलता समजते. समोरचं आठ वर्षांचं पोर समजत नाही. "दे" म्हटल्यावर ते आधी स्वतःच्या वाडग्यात शेव घालतं, मग तुमच्याकडे बघतं. तेवढं थांबणं, परत मागणं, नको असेल तर "कांदा नको" म्हणणं, या सगळ्याची दहा दिवसांत इतकी उजळणी होते की ती वेगळी शिकवावी लागत नाही. एक मुलगा फक्त कोरडे चुरमुरे खायचा. खाऊ दिले. चुरमुऱ्यांचा डबा मात्र मुद्दाम दुसऱ्याकडे ठेवला.

ही कल्पना आमची नाही, लेगो (एकमेकांत अडकणारे प्लॅस्टिकचे ठोकळे) थेरपीतून उचललेली आहे. डॅनियल लेगॉफ नावाच्या, अमेरिकेत काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की त्याच्याकडे येणारी दोन मुलं बाहेर वाट बघत बसलेली असताना लेगोवरून आपणहून एकमेकांशी बोलत होती. त्यावरून त्यानं पद्धत बसवली आणि २००४ मध्ये तिच्यावर लेख प्रसिद्ध केला. तीन मुलांत तीन कामं: एक इंजिनिअर, त्यानं नकाशा बघून सांगायचं; एक पुरवठादार, त्यानं नेमका ठोकळा शोधून द्यायचा; एक बांधणारा. थोड्या वेळानं कामं बदलायची. इंजिनिअर ठोकळ्याला हात लावत नाही आणि बांधणारा नकाशा बघत नाही, यातच सगळी गंमत आहे. महागडा लेगोच हवा असं नाही, आम्ही साध्या लाकडी ठोकळ्यांचे फोटो काढून नकाशे केलेत. तुमचा मुलगा वाक्यं बोलतो, तेव्हा त्याच्यासाठी शिबिरात एवढी एकच गोष्ट असली तरी मी म्हणेन पाठवा. फार मोठ्या चमत्काराची अपेक्षा मात्र ठेवू नका. इंग्लंडमधल्या शाळांत याची मोठी चाचणी झाली, त्यात फरक दिसला तो माफकच.

मैदानी खेळांत आमचा राजा विषामृत. राज्य असलेला शिवला की विष चढलं, जागीच बसायचं; गड्यानं येऊन अमृत दिलं की उठायचं. म्हणजे पळता पळता कोण अडकलंय याकडे लक्ष ठेवावं लागतं, आणि आपण अडकलो की कुणीतरी येईपर्यंत दम धरावा लागतो. या दोन्ही गोष्टी थेरपीच्या खोलीत शिकवायला वर्ष जातं. अंगाला हात लावलेला ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी आम्ही पोहण्याच्या तलावात वापरतात ती फोमची लांब काठी आणली, तिच्या टोकानं शिवायचं. लाल काठी विष, निळी अमृत. पहिल्या वर्षी माझा मुलगा विष चढल्यावर जो बसला तो अमृत मिळालं तरी उठेना, कारण त्याला बसायला आवडलं होतं.

उलट 'मामाचं पत्र हरवलं' सपशेल आपटलं. मला वाटलं होतं, गोलात बसायचं आहे, ठरलेलं गाणं आहे, याहून सोपं काय असणार! पण या खेळाचा सगळा जीव लपवाछपवीत आहे. रुमाल पाठीमागे गुपचूप टाकतात, तो आपल्याला न बघता कळायचा, आणि कळला नाही तर पाठीत धपाटा! मागून अचानक बसलेल्या धपाट्यानं एक मुलगी अर्धा तास रडत होती. पुढच्या वर्षी रुमाल मांडीत ठेवायचा आणि ठेवणाऱ्यानं नाव घ्यायचं, असा बदल केला, तेव्हा तोच खेळ छान चालला. तेव्हा शिबिरवाले "आम्ही पारंपरिक खेळ घेतो" म्हणाले तर नियम बदलायची त्यांची तयारी आहे का, ते विचारा. लगोरीही आम्ही पळापळ काढून टाकून खेळतो, नुसतं फोडायचं आणि दोघांनी मिळून आळीपाळीनं रचायचं. पोरांना त्यात काही कमी वाटत नाही.

मुलाला कशाचं वेड आहे? विचारते आहे, कारण बहुतेक ठिकाणी ते वेड बाजूला ठेवायला सांगतात आणि माझा अनुभव नेमका उलटा आहे. आमच्याकडे एका मुलाला रेल्वेचं वेळापत्रक तोंडपाठ. तो दिवसभर घोषणा द्यायचा आणि बाकीची मुलं कंटाळून दूर जायची. मग आम्ही हॉलचं नाशिकरोड स्टेशन केलं. तिकीट खिडकी, टीसी, हमाल, चहावाला, खुर्च्यांचे डबे. त्याची घोषणा झाल्याशिवाय पंचवटी एक्सप्रेस हलणार नाही, पण त्यालाही खिडकीतून "गाडी भरली" हा निरोप आल्याशिवाय घोषणा करता येणार नाही. दुसऱ्या दिवसापासून मुलं त्याला शोधत यायला लागली. टीसी झालेली मुलगी घरी एरवी चार शब्द बोलते; तिनं आम्हा सगळ्या आयांना विनातिकीट पकडून दंड केला.

आठव्या दिवशी आम्ही बाहेर पडतो, रसवंतीवर. त्याआधी पाच दिवस हॉलमध्येच खोटी रसवंती चालते: कागदाच्या नोटा, प्लॅस्टिकचे ग्लास, "एक ग्लास, बर्फ नको". ज्याला बोलता येत नाही त्याच्या गळ्यात कार्ड. रसवंतीवाल्या काकांशी आधी बोलून ठेवतो की सकाळी दहाला, गिऱ्हाईक नसताना येऊ, मुलांनी मागेपर्यंत थांबा, आमच्याकडे बघू नका. चरकाच्या घुंगरांचा हिशोबही आधी करावा लागतो. माझा मुलगा त्या आवाजासाठी तासभर उभा राहील, दुसरा एक कानांवर हात घट्ट दाबून घेतो. त्याला कानांवर आवाज रोखणारे हेडफोन देतो आणि रस मागून झाला की तो लांबच्या बाकावर जाऊन पितो. बाकीच्यांबरोबर बसलाच पाहिजे असा आग्रह नाही.

हा 'आग्रह नाही' फार महत्त्वाचा आहे. हॉलच्या कोपऱ्यात टेबलावर चादर टाकून आम्ही गुहा करतो. आत उशी आणि अंधार. कुणीही, कधीही, न विचारता आत जायचं, आणि आत गेलेल्याला कुणी बोलवायला जायचं नाही. पहिल्या दिवशी सगळी मुलं गुहेतच असतात. चौथ्या दिवसापर्यंत ती बरीचशी रिकामी होते. भिंतीवर दिवसभराचा क्रम चित्रांत लावलेला असतो, एकेक झालं की मुलानंच ते चित्र काढून खोक्यात टाकायचं. किती वेळ उरला ते दाखवायला वाळूचं घड्याळ. पुढे काय होणार आणि हे कधी संपणार, या दोन गोष्टी कळल्या की आमच्या मुलांची निम्मी भीती जाते. यावर जास्त लिहीत नाही, तुमच्या ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) किंवा स्पीच थेरपीवाल्या ताईंनी हे सांगितलंच असेल.

आता थोडं न पटणारं. "डोळ्यांत बघून बोल", "हात मिळव", "सॉरी म्हण" असं घोटून घेणाऱ्या शिबिरापासून लांब राहा. माझा मुलगा डोळ्यांत बघत असेल तेव्हा त्याला ऐकू येत नाही, आणि ऐकत असेल तेव्हा तो पंख्याकडे बघतो. (ऑटिझम असलेल्यांना 'स्वमग्न' म्हणतात, तो शब्द मला म्हणूनच रुचत नाही. तो स्वतःत मग्न नसतो, पंख्यात असतो.) डेमियन मिल्टन हे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं, आम्ही त्यांना समजत नाही तसे तेही आम्हाला समजत नाहीत. आपल्या कानगोष्टींसारखा प्रयोगही झाला आहे. २०२० मध्ये एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी आठ-आठ मोठ्या माणसांच्या साखळ्या करून एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे सांगायला लावली. सगळी माणसं ऑटिस्टिक असलेली साखळी ऑटिझम नसलेल्यांच्या साखळीपेक्षा मागे पडली नाही. मी हे वाचलं तेव्हा आमच्या भेळेच्या गोलाची आठवण झाली. तिथे कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही आणि तरी कांदा बरोबर जागी पोचतो.

म्हणून शिबिरात साधी मुलं असतील तर शिकवणी त्यांचीही हवी. आम्ही दरवर्षी शेजारची दोन-तीन मुलं घेतो आणि त्यांना आधी तीनच गोष्टी सांगतो: एकदा विचारून दहापर्यंत मोजा, मागून हात लावू नका, आणि तो काही न बोलता शेजारी बसला तर तो तुमच्याबरोबर खेळतोच आहे असं समजा. मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर कळतं.

शेवटच्या दिवशीचं स्नेहसंमेलन आम्ही तिसऱ्या वर्षीपासून बंद केलं. ते पालकांच्या मोबाइलसाठी असतं.

सुरक्षेचं विसरू नका. ही मुलं न सांगता निघून जातात, पाण्याची ओढ अनेकांना असते, आणि त्यांच्या बुडण्याचा धोका इतर मुलांहून जास्त असतो. शिबिराची जागा नदीकाठी, धरणाजवळ किंवा तलाव असलेल्या सोसायटीत असेल तर फाटकाला कडी कोण लावतं, हे स्वतः जाऊन बघा. मनगटावर तुमचा फोन नंबर लिहिलेली पट्टी बांधा. ऑटिझम बरा करून देतो म्हणणारं शिबिर असेल तर फाटकापर्यंतही जाऊ नका.

पहिले दोन दिवस तासभरच ठेवा आणि तो रमलेला असतानाच घरी आणा.

आणि धाकटी. पाठवा, पण तिला वेगळ्या गटात ठेवायला सांगा. "दादाकडे लक्ष दे हं" असं निघताना म्हणू नका. माझ्या मुलीनं पहिल्या वर्षी दहा दिवस त्याच्यामागे फिरण्यात घालवले. तो हात झटकतो, रुसतो, तेव्हा काय करायचं हे तिला माहीत, म्हणून आम्हीही सोयीनं तिला हाक मारत राहिलो. शेवटच्या दिवशी तिनं विचारलं, "पुढच्या वर्षी मी पण शिबिराला येऊ?"