छोटा उपग्रह चालवताना : वाचकांच्या शंका

‘प्रोबा-१’ या युरोपीय भूनिरीक्षण उपग्रहाविषयी गेल्या महिन्यात लिहिले होते. अवघ्या ९४ किलो वजनाचा हा उपग्रह २२ ऑक्टोबर २००१ रोजी आपल्या पीएसएलव्हीने श्रीहरिकोट्याहून नेला. दोन वर्षांसाठी बांधलेला हा उपग्रह वीस वर्षे ओलांडून गेला. त्यावर आलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न : असा उपग्रह सतत नियंत्रण कक्षाच्या हुकमतीत असतो का? (विद्यार्थिनी, पुणे)

नाही, आणि छोटे उपग्रह बांधणाऱ्या नवख्या गटांचा पहिला गैरसमज नेमका हाच असतो. सुमारे सहाशे किलोमीटर उंचीवरचा उपग्रह साधारण ९७ मिनिटांत पृथ्वीची एक फेरी पूर्ण करतो, पण एखाद्या भूस्थानकाला तो दिवसातून मोजक्याच वेळा दिसतो आणि तेही फार तर दहा-बारा मिनिटे. त्यातली क्षितिजालगतची मिनिटे कमकुवत संदेशामुळे फारशी उपयोगी पडत नाहीत. म्हणूनच ‘प्रोबा’च्या आखणीत निर्णय घेण्याचे काम उपग्रहाकडेच सोपवले होते. बेल्जियममधील रेदू येथील केंद्राने लक्ष्याचे अक्षांश, रेखांश आणि उंची कळवायची. तिथे आपण कधी पोहोचणार, कोणत्या क्षणी किती वळायचे, हे उपग्रहाने जीपीएस आणि ताऱ्यांकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्याच्या आधारे स्वतःच ठरवायचे. त्याच्यावरील ‘क्रिस’ हे उपकरण एकाच जागेची पाच कोनांतून पाच चित्रे टिपत असे : दोन पुढे पाहत, एक थेट खाली आणि दोन मागे वळून. काही मिनिटांत उरकायची ही कसरत जमिनीवरून एकेक आज्ञा धाडून साधण्याजोगी नाही. कॅमेऱ्यावर वर्षे घालवून आज्ञावली मात्र शेवटच्या काही महिन्यांत उरकणाऱ्या गटांनी हे ध्यानात घ्यावे, असे मला आवर्जून वाटते.

प्रश्न : उपग्रह ‘सेफ मोड’मध्ये गेला म्हणजे तो बिघडला असे समजायचे का? (शिक्षक, नागपूर)

बहुतेक वेळा नाही. दक्षिण अटलांटिकवर पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र क्षीण असल्यामुळे तिथे भारित कण अधिक खालपर्यंत येतात. असा एखादा कण संगणकाच्या स्मृतीतल्या शून्याचा एक करून जातो आणि संगणक गोंधळतो. अशा वेळी अनावश्यक उपकरणे बंद करून, शक्य तितकी ऊर्जा मिळवत मदतीची वाट पाहणे हे उपग्रहाचे शहाणपणच होय. चूक होते ती खालच्या माणसांची. घाईघाईने सारे पूर्ववत सुरू करण्याचा मोह होतो, परंतु अनेक छोट्या उपग्रहांत फेरसुरुवातीबरोबर स्मृतीतली शेवटची नोंद पुसली जाते आणि खरे कारण कधीच हाती लागत नाही. आधी बॅटरीचा विद्युतदाब व तापमान पाहावे, मग नोंदी उतरवून घ्याव्यात आणि कॅमेऱ्याचे नाव त्यानंतरच काढावे.

प्रश्न : इंधनच नसलेल्या उपग्रहाचे आयुष्य कशावर ठरते? (निवृत्त अभियंता, कोल्हापूर)

पुष्कळदा घड्याळावर! ७ मे २०१३ रोजी सोडलेला ‘प्रोबा-व्ही’ वनस्पतींच्या नोंदी घेत असे. तो विषुववृत्त ओलांडी तेव्हा तिथे स्थानिक वेळेनुसार सकाळचे पावणेअकरा वाजलेले असत. परंतु सूर्याच्या आकर्षणामुळे कक्षेचा कल हळूहळू बदलतो आणि तो सावरायला या उपग्रहाला इंजिनच नव्हते. पुढे ही वेळ आणखी लवकरच्या सकाळकडे सरकत गेली, सूर्य अधिकाधिक खाली मिळू लागला आणि सावल्या लांबल्या. नव्या नोंदींची जुन्यांशी तुलना करणे अवघड झाले. उपग्रह कार्यक्षम असूनही जून २०२० मध्ये त्याचे नियमित काम थांबवण्यात आले. तेव्हा मोहिमेची मुदत आखताना उपकरणाच्या टिकाऊपणाबरोबर कक्षा किती सरकेल याचाही हिशेब सुरुवातीलाच मांडावा.

प्रश्न : अशा उपग्रहाने पावसाळ्यात कोकणातली भातशेती पाहता येईल का? (शेतकरी, रत्नागिरी)

क्वचितच. ढगांआडचे कॅमेऱ्याला दिसत नाही आणि जून ते सप्टेंबर उघडीप मिळणे दुर्मीळ. त्या काळासाठी रडार उपग्रहांची चित्रे पाहावीत. युरोपच्या ‘सेंटिनेल-१’ची तर विनामूल्य मिळतात.