संघटनेचा सभासद असलं की संपात उतरावंच लागतं का?

तुम्ही जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहायक आहात, परिविक्षा काळ, म्हणजे कायम होण्याआधीचा चाचणीचा काळ, अजून संपलेला नाही, आणि रुजू झाल्यावर वर्गणीची पावती फाडली म्हणून संघटनेचे सभासद झालात. आता पदाधिकारी म्हणतायत, बेमुदत संपात आला नाहीत तर नाव कमी करू, पतसंस्थेच्या कर्जाला जामीनही मिळणार नाही. तसं करता येतं का, असं तुम्ही विचारलंय. मी याच नोकरीत तालुक्याच्या संघटनेचं काम बरीच वर्षं केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

संपाची सक्ती कुणावर करता येत नाही. संघटना फार तर तिच्या घटनेप्रमाणे तुमचं सभासदत्व काढू शकते, तेही नोटीस देऊन आणि तुमचं म्हणणं ऐकून. नोकरी, पगार, ज्येष्ठता यांच्याशी तिचा संबंध नाही. पतसंस्था तर वेगळी नोंदणी असलेली संस्था आहे. दोन्हीकडे माणसं तीच असली तरी संपात नव्हता म्हणून तिला कर्ज अडवता येत नाही. जामिनाचं मात्र तसं नाही. जामीन माणूस राहतो, आणि शेजारच्या टेबलावरच्याने उद्या सही करायला नकार दिला तर त्याच्यावर कुठला नियम चालवणार?

सरकारची बाजूही माहीत असू द्या. जिल्हा परिषदेचे १९६७ चे वर्तणूक नियम आपल्याला लागू आहेत आणि संपात भाग घेणं त्यात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २००३ साली तामिळनाडूच्या प्रकरणात सांगितलं की सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा हक्क नाही. तिथे लाखाहून जास्त लोकांना एका फटक्यात बडतर्फ केलं होतं. नंतर बहुतेकांना माफीनामा लिहून घेऊन परत घेतलं. आपल्याकडे इतकी टोकाची वेळ आलेली नाही. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचे नेते र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली १९७७-७८ मध्ये ५४ दिवस संप चालला, त्याच्या आठवणी जुने लोक अजून सांगतात.

जुन्या पेन्शनचा संप १४ मार्च २०२३ ला सुरू झाला तेव्हा मी तालुक्याला होतो. पहिल्याच दिवशी ‘काम नाही, वेतन नाही’चं पत्रक दारावर लागलं. हजर किती, संपावर किती, याचा अहवाल रोज सकाळी वर जायचा आणि मस्टरवर आमच्या नावापुढचा रकाना कोरा राहायचा. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेली पोरं सगळ्यात पुढे होती, कारण जुनी पेन्शन त्यांना लागू नव्हती, प्रश्न त्यांच्या म्हातारपणाचा होता. २० मार्चला मुंबईत बैठक झाली आणि संप मागे घेतल्याचं आम्हाला टीव्हीवरून कळलं. सात दिवस रस्त्यावर बसलेल्यांना कुणी विचारलं नाही. त्या संध्याकाळी पंचायत समितीच्या आवारात पोरं रडकुंडीला आली होती, काही जण वर्गणीच्या पावत्या रागाने फाडून टाकत होते. त्यांचा राग मला तेव्हाही रास्त वाटला, आजही वाटतो. सभासदाने ठराव पाळायचा असेल, तर तो मागे घेतानाही सभासदाला विचारलंच पाहिजे.

म्हणून तुम्हाला माझा प्रश्न असा: संपाचा ठराव झाला त्या सभेला तुम्हाला बोलावलं होतं का? बोलावलं होतं आणि तुम्ही हात वर केला होता, तर आता मागे फिरू नका. बाकीचे तुमच्या भरवशावर पगार सोडतायत. सभाच झाली नसेल, तर आजच लेखी अर्ज देऊन सभा मागा आणि तिथे तोंडावर बोला. गुपचूप कामावर जाऊन बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

तुमची परिविक्षेची अडचण खरी आहे. गैरहजेरीमुळे तो काळ लांबू शकतो, आणि कायम कर्मचाऱ्याला असतं तेवढं संरक्षण तुम्हाला नाही. आमच्या तालुक्यात आम्ही परिविक्षाधीन आणि अनुकंपावर नव्याने लागलेल्यांना स्वतःहून सूट दिली होती. ते काळी फीत लावून कामावर यायचे, सुटी झाली की मंडपात येऊन बसायचे. असा पर्याय तुमच्या पदाधिकाऱ्यांपुढे ठेवा.

आणि उतरायचं ठरवलंत, तर संप मिटताना होणाऱ्या समझोत्यात एक ओळ आहे की नाही ते सगळ्यात आधी बघा: संपकाळ सेवेत खंड न धरता रजेत नियमित करणे. बुडालेला पगार भरून काढता येतो. खंड माफ झाला नाही, तर मागची सेवाच हिशेबातून जाऊ शकते.