रजोनिवृत्तीकडे पाहण्याची स्त्रियांची दृष्टी संस्कृतीनुसार बदलते का?

रजोनिवृत्तीचा त्रास सर्वत्र सारखाच असतो, की तो स्त्रीच्या भोवतालच्या समाजावर अवलंबून असतो, असे आपण विचारले आहे. माझ्या मते बीजकोशांचे काम थांबणे सर्वत्र एकच असते. मात्र पाळी गेल्यावर स्त्रीच्या पदरात काय पडते आणि तिच्या हातून काय निसटते, हे समाज ठरवतो, आणि तिची वृत्ती बहुतांशी त्यावरूनच घडते.

मानववंशशास्त्रज्ञ मार्शा फ्लिंट यांनी १९७५ साली राजस्थान व हिमाचल प्रदेशातील राजपूत स्त्रियांविषयी लिहिले. तोवर पडद्यात राहिलेल्या या स्त्रिया पाळी गेल्यानंतर पुरुषांच्या बैठकीत बसू शकत, त्यांच्याशी थट्टामस्करीही करू शकत. त्रासाच्या तक्रारी फ्लिंट यांच्या कानावर फारशा आल्या नाहीत. मेक्सिकोतील युकातान भागातल्या माया स्त्रियांचे उदाहरण मला त्याहून महत्त्वाचे वाटते. लवकर लग्न आणि पाठोपाठची बाळंतपणे यांतून एकदाची सुटका होईल म्हणून त्या या टप्प्याची वाट पाहत असत, आणि अंगातून वाफा निघाल्याची तक्रार त्यांचा अभ्यास करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ येवुब्दार बेयेने यांच्याकडे त्यांनी केली नाही. त्यांची शरीरेच वेगळी असतील, ही शंका पुढे संप्रेरकांच्या तपासणीने बरीचशी फिटली, कारण त्यांचे इस्ट्रोजेन, म्हणजे बीजकोशांत तयार होणारे स्त्री-संप्रेरकही, अमेरिकी स्त्रियांप्रमाणेच खाली आलेले आढळले. अर्थात आहार, कष्ट आणि बाळंतपणांची संख्या यांचा वाटा नाकारता येत नाही, त्यामुळे सगळे श्रेय संस्कृतीलाच देणे मला घाईचे वाटते.

याउलट अमेरिकेत १९६६ साली डॉ. रॉबर्ट विल्सन यांनी रजोनिवृत्तीला चक्क इस्ट्रोजेनच्या कमतरतेचा आजार ठरवले आणि गोळीच्या रूपात तारुण्य विकले जाऊ लागले. १९७५ मध्ये या गोळ्यांचा संबंध गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाशी जोडला गेला, तेव्हा कुठे तो उत्साह ओसरला. अशा वाफा येतात तेव्हा छातीतून उसळलेली उष्णता मानेवरून चेहऱ्यावर चढते, अंग घामाने निथळते आणि पाठोपाठ हुडहुडी भरते. हे दोन-चार मिनिटांचेच असते, पण तरुण दिसण्यावरच जिची किंमत ठरते, तिला चारचौघांत आपले वय उघडे पडल्यासारखे वाटते.

तरीही तक्रार नाही म्हणजे त्रास नाही, असे मी म्हणणार नाही. योनीच्या कोरडेपणामुळे संबंधाच्या वेळी होणारी वेदना बाई अनोळखी माणसाला सांगेलच कशी? 'या वयात असे व्हायचेच' या समजुतीने मनाला आधार मिळतो खरा, परंतु पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, अगदी एखादा डाग दिसला, तरी तो कर्करोगाचा इशारा असू शकतो आणि त्याची तपासणी लगेच करून घ्यावी लागते. नेमक्या त्याच वेळी ही समजूत बाईला घरी बसवून ठेवते.